गाडीतल्या जुन्या आयपॉडला नवं कार्ड : खर्च किती, करावा कुणी?

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट धरला की मोबाइलची रेंज जाते आणि फोनवर चाललेलं गाणं मध्येच अडकतं. गाणी आधी उतरवून ठेवता येतात हे खरं. पण कॅसेटवरून भरून घेतलेल्या मैफली कुठल्या ॲपवर सापडायच्या? म्हणून काहींच्या गाडीत अजून जुना आयपॉड असतो. त्याची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली की प्रश्न येतो : आत मोठं मेमरी कार्ड बसवून मिळेल का, आणि कितीला?

आधी स्वस्तातला उपाय. गाडीच्या स्टिरिओला यूएसबी असेल आणि ऐकायची ती सिनेमाची गाणी, भावगीतं, अभंग असतील, तर आयपॉडच्या नादी लागू नका. ६४ जीबीचा चांगला पेन ड्राइव्ह साधारण पाच-सातशे रुपयांना येतो. ३२० केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी जागा घेते. म्हणजे पाच मिनिटांची पाचेक हजार गाणी त्यात बसतात. ६४ जीबी आणि त्यावरचे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतात आणि जुने स्टिरिओ ते वाचत नाहीत. फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घ्या. दुकानदार त्याचे वेगळे पैसे मागू लागला तर दुसरं दुकान बघा. फाइलींची नावंही रोमन लिपीत ठेवा, नाहीतर पुष्कळ स्टिरिओंच्या पडद्यावर देवनागरी आणि कन्नड दोन्हींचे सारखेच चौकोन दिसतात.

आयपॉडवर खर्च करावा तो शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने. तुकड्यांत भरलेला ख्याल पेन ड्राइव्हवर लावला की दोन तुकड्यांच्या मधे बऱ्याच स्टिरिओंवर खटकन शांतता येते. आयपॉड क्लासिक तो सलग वाजवतो. कुमार गंधर्वांच्या सुळेभावीजवळून जाताना त्यांचीच तान अशी मधे तुटावी, हे काही बरं नाही.

आता हिशेब. आयपॉडमधल्या १.८ इंची हार्ड डिस्कच्या जागी एक छोटा बोर्ड बसतो आणि त्यात एसडी कार्ड. आयफ्लॅश कंपनीचा बोर्ड परदेशातून मागवावा लागतो; कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून साडेतीन ते पाच हजार. २५६ जीबी कार्ड दोन ते तीन हजार, बॅटरी आठशे ते दीड हजार, मजुरी पाचशे ते हजार. म्हणजे सात ते साडेदहा हजार. हे आकडे ढोबळ आहेत; कार्डांचे भाव तर सारखे वरखाली होतात. हजारभरात मिळणारे साधे बोर्डही आहेत, पण ते चालले तर चालले.

कार्ड घेण्याआधी आयपॉडची पाठ बघा. क्लासिक २००७ साली आला. त्यावर ८० किंवा १२० जीबी लिहिलं असेल, किंवा १६० जीबीचा जाडा नग असेल, तर तो १२८ जीबीच्या पुढचं कार्ड पूर्ण वापरत नाही. मोठ्या कार्डाचे पैसे फुकट जातील. २००९ नंतरच्या सडपातळ १६० जीबीला ही अडचण नाही. पाठ फुगलेली दिसली तर बॅटरी गेली समजा. उन्हात उभ्या गाडीत ठेवल्याने हे होतं. असा आयपॉड चार्जिंगला लावू नका.

बेळगावात खडेबाजार, गणपत गल्लीकडचे मोबाइल दुरुस्तीवाले फोन सहज उघडतात, पण क्लासिकची धातूची कड वाकते आणि बॅटरीची पातळ पट्टी झटक्यात तुटते. ‘आयपॉड उघडलाय का?’ हे आधी विचारा, आणि पट्टी तुटली तर भरपाई कुणी करायची तेही. दुरुस्तीसाठी निपाणीकरांना बेळगाव ७५ किलोमीटर, कोल्हापूर ४० च्या आसपास. न्यायला आणि आणायला अशा दोन फेऱ्यांचं पेट्रोल हिशेबात धरा. जीएसटी दोन्हीकडे सारखाच.

गाडीला जोडायला दीडशे रुपयांची ऑक्स वायर पुरे. एफएम ट्रान्समीटर नको. निपाणीहून कोल्हापूरकडे निघालात आणि तो ९४.३ वर लावला असेल, तर मालकंसात टोमॅटो एफएम घुसेल.

पाचशे रुपयांत १ टीबी सांगणारी कार्डं नकली असतात. घेतलेलं कोणतंही कार्ड एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा आणि मगच आत बसवायला द्या. पक्कं बिल घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे वस्तू कोल्हापुरात घेतली तरी निपाणीकराला बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.