गाडी दोन इंच उचलण्याआधी
(पाटेवाले व गॅरेजवाले बांधवांसाठी)

आपल्या गॅरेजवाल्या आणि पाटेवाल्या बांधवांकडे हल्ली एक वेगळे काम येऊ लागले आहे. पूर्वी जीपवाला यायचा तो पाटा तुटला म्हणून. आता तो चांगली चालती गाडी घेऊन येतो आणि म्हणतो, "उस्ताद, गाडी जरा उचलून द्या." महिंद्राच्या जुन्या जीपा आणि मारुतीची जिप्सी या कामासाठी यायच्याच. २०२० साली आलेली नवी थारही आता त्याच रांगेत उभी असते.

काम एका दिवसाचे आणि मजुरी रोख, त्यामुळे मोह होतो. परंतु ज्या गाडीत माणूस बायको-मुलांना बसवून घाट उतरणार, तिची उंची बदलणे म्हणजे भिंतीला रंग देणे नव्हे. आमचे सांगणे थोडक्यात असे आहे : आधी मोजा, कमीत कमी उचला, आणि गिऱ्हाइकाला जे मिळणार नाही ते पैसे घेण्यापूर्वी सांगा.

१. गाडी का उचलायची?

पान्याला हात लावण्याआधी हा प्रश्न विचारावा. उत्तरे बहुधा चार असतात.

पहिले, गाडी बसली आहे. जुन्या पाट्यांची कमान वर्षानुवर्षांच्या ओझ्याने सपाट होते. अशा गाडीला उंची वाढवण्याची नव्हे, दुरुस्तीची गरज असते. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करा, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या खालच्या कडेपर्यंत चारही बाजूंचे माप घेऊन वहीत लिहा. जमिनीपासून माप घेऊ नका, कारण टायर झिजला की ते बदलते. डावी-उजवी बाजू सारखी नसेल किंवा माप मूळ उंचीपेक्षा कमी भरत असेल, तर पाटे बदलून गाडी मूळ उंचीवर आणणे हेच खरे काम. पुष्कळ गिऱ्हाइकांचे समाधान एवढ्यावरच होते.

दुसरे, ओझे वाढले आहे. लोखंडी बंपर, विंच, टपावरचे कॅरियर यांनी गाडी दबते. येथे ताकदीचे स्प्रिंग हवे असते, उंच स्प्रिंग नव्हे. तिसरे, मोठा टायर बसवायचा आहे आणि तो मडगार्डला घासतो. चौथे, गाडी रुबाबदार दिसावी. चौथ्या कारणासाठी सुरक्षितता गहाण टाकू नये, असे स्पष्ट सांगण्याची हिंमत कारागिरात हवी.

२. काय उंच होते, काय होत नाही

गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी गैरसमजूत येथेच असते. जुनी जीप आणि जिप्सी यांचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल अखंड असतात. पाटे उंच केले की चासी आणि बॉडी वर जाते, पण ॲक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो. दगड तर त्या गोळ्यालाच लागतो. तो वर नेण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे टायरचा व्यास वाढवणे; आणि तिथेही वाढलेल्या व्यासाच्या निम्मीच उंची मिळते.

हिशेब करून पाहू. नव्या थारला दोन मापांचे टायर आले. २४५/७५ आर १६ या टायरची उंची सुमारे ७७४ मि.मी. भरते, तर २५५/६५ आर १८ ची सुमारे ७८९ मि.मी. फरक १५ मि.मी., म्हणजे गोळ्याखाली वाढ जेमतेम साडेसात मि.मी. ३१ इंची टायर काढून ३३ इंची घातला तर गोळा एक इंच वर जातो. मात्र स्पीडोमीटरचा काटा ६० दाखवत असताना गाडी ६४ च्या आसपास पळत असते, ब्रेकवर आणि क्लचवर जास्त जोर येतो.

मग स्प्रिंग उंच करून मिळते काय? चढाला गाडीचे नाक लागत नाही, उतरताना शेपूट घासत नाही, उंचवट्यावर पोट टेकत नाही आणि टायरला फिरायला जागा होते. हे फायदे खरे आहेत. पण ते इतकेच आहेत.

३. उंच करण्याच्या पद्धती

_नवे पाटे._ योग्य कमानीचा संपूर्ण नवा संच बसवणे ही सर्वांत चांगली पद्धत. महाग पडते, पण टिकते.

_जुन्या पाट्यांची कमान वाढवणे._ हे काम जाणत्या हाताचे आहे. पाट्याचे पोलाद पाणी देऊन कडक केलेले आणि पुन्हा ठरावीक तापमानाला नरमवलेले असते. नुसते गॅसने लाल करून वाकवलेल्या पाट्याचा हा गुण जातो. तो लवकर बसतो किंवा अचानक मोडतो. पाट्यावर वेल्डिंग तर कधीच करू नये.

_जादा पाटा घालणे._ ओझ्याच्या गाडीला ठीक. रिकाम्या गाडीला मात्र त्याने धक्के वाढतात आणि खडबडीत जागी चाक जमीन सोडते.

_लांब शॅकल._ शॅकल दोन इंच लांब केली की गाडी साधारण एकच इंच उचलते. शिवाय ज्या गाडीची पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते, तिचा ॲक्सल त्यामुळे फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर भरकटते.

_पाटा आणि ॲक्सलमध्ये ठोकळा._ पुढच्या ॲक्सलला ठोकळा कधीही घालू नये, ब्रेक दाबताच त्याच्यावर भयंकर जोर येतो. मागेही एकावर एक दोन ठोकळे किंवा लाकडी ठोकळा चालणार नाही.

_कॉइल स्प्रिंगखाली अगर वर चकती._ नव्या थारला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत. पुढची चाके स्वतंत्र आहेत, मागचा ॲक्सल अखंड आहे. पुढे शॉकअपच्या डोक्यावर एक इंचाची चकती घातली म्हणजे गाडी एकच इंच उचलेल, असे समजू नका. चाक आर्मच्या लांब टोकाला असते, म्हणून उंची चकतीच्या जाडीपेक्षा जास्त वाढते. तितकाच चाकाच्या शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतात, आणि चाकाला खाली लोंबायला जागा कमी उरते.

४. एका बदलामागून दहा बदल

गाडी उचलल्यावर पुढील गोष्टी तपासल्याशिवाय ती दाराबाहेर जाऊ देऊ नये.

(अ) जॅक लावून चाके पूर्ण लोंबकळू द्या. ब्रेकचा रबरी होज ताणला जातो का? शॉकअप शेवटाला अडकतो का? अडकत असेल तर लांब शॉकअप हवा.
(आ) प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला का? वाढला असेल तर क्रॉस लवकर जातो आणि गाडी थरथरते.
(इ) ज्या गाड्यांत ओझ्याप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह ॲक्सलला जोडलेला असतो, तिथे उंची वाढताच व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. त्याची दांडी पुन्हा जुळवली पाहिजे.
(ई) यू-बोल्ट नवे घाला. काही शे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून ते पुन्हा आवळा.
(उ) अलाइनमेंट करा आणि हेडलाइट खाली घ्या, नाही तर समोरच्याचे डोळे दिपतात.

५. दोन इंच ही मर्यादा का?

गाडी उलटण्याचा हिशेब सोपा आहे. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराला गाडीच्या भारमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचे. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. समजा चाकांमधील अंतर १५०० मि.मी. आणि भारमध्य ७०० मि.मी. उंचीवर आहे. आकडा १.०७ येतो. भारमध्य ५० मि.मी. वर गेला तर तो १.०० होतो आणि १०० मि.मी. वर गेला तर ०.९४. स्प्रिंग उंच केल्यावर ॲक्सल व चाके खालीच राहतात, म्हणून भारमध्य थोडा कमी चढतो. टपावर सामान लादले की ती कसर भरून निघते.

साधारण दोन इंचांपर्यंत, म्हणजे ५० मि.मी.पर्यंत, बाकीचे सुटे भाग कसेबसे सांभाळून घेतात. त्यापुढे शाफ्ट, स्टिअरिंगचे दांडे, ब्रेक आणि गाडीचा तोल हे सगळेच नव्याने जुळवावे लागते. ज्याची ती तयारी नाही त्याने ते काम हाती घेऊ नये. स्वतंत्र चाकांच्या गाडीत तर दोन इंचांच्याही आतच थांबावे.

६. कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील, म्हणजेच उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. २०१९ च्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

गॅरेजवाल्यांनी पुढची गोष्ट लक्षात ठेवावी. या कायद्याच्या व्याख्येत वाहनदुरुस्ती करणाराही 'डीलर' ठरतो, आणि नियमभंग करून वाहनात बदल करणाऱ्या डीलरला वाहनामागे एक लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलावर बोट ठेवून दावा अडवू शकते.

म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मूळ उंचीवर आणून द्या. ती दुरुस्ती आहे. त्यापुढे जायचे असेल तर मालकाने आधी आरटीओकडे जाऊन लेखी मंजुरी आणावी, मगच पाना उचलावा. "सगळेच करतात" हे उत्तर ना इन्स्पेक्टरपुढे चालते, ना अल्लाहपुढे.

७. बिल आणि इमान

बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून प्यारे नबी (स.) यांनी आतला ओलावा बाहेर काढला होता, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. ओले धान्य विकण्यास मनाई नव्हती. ते कोरड्याखाली लपवण्यास होती. पाट्याच्या धंद्यातही ऐब असाच आत दडलेला असतो. गॅसने वाकवलेला पाटा रंग दिल्यावर नव्यासारखाच दिसतो.

यासाठी तीन सवयी लावून घ्याव्यात. आधीची व नंतरची चारही मापे बिलावर लिहावीत. नवा भाग कोणता व जुना कोणता हे वेगळे दाखवावे. आणि गाडी आता वळणावर पूर्वीपेक्षा सावकाश चालवावी लागेल, हे मालकाला तोंडी व लेखी सांगावे.

असे केल्याने एखादे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जाऊ द्या. रिझ्क देणारा शेजारचा दुकानदार नाही. आपल्या शागिर्दालाही हेच शिकवा की गाडी उचलणे सोपे असते, ती सुखरूप घरी पोहोचेल अशी करून देणे ही कारागिरी. गिऱ्हाईक आपल्या हाती किल्ली देते ती अमानत म्हणून. ती सांभाळण्याची तौफीक अल्लाह आपणां सर्वांना देवो. आमीन.