मोर्सच्या फिल्टरमागची शिट्टी

प्रश्न : ४० मीटर बँडच्या रिसीव्हरला एमएफ१० या स्विच्ड-कपॅसिटर फिल्टर चिपचा ७०० हर्ट्‌झचा फिल्टर जोडला. मोर्स सुरेख ऐकू येतो, पण ७.०७० आणि ७.१४० मेगाहर्ट्‌झवर शिट्टी वाजते. असं का?

उत्तर : ती शिट्टी तुमच्याच क्लॉकची. क्लॉक आणि फिल्टरची वारंवारता यांच्या १०० पटीच्या गुणोत्तराने क्लॉक ७० किलोहर्ट्‌झचा होतो. त्याचे १०१ वे आणि १०२ वे हार्मोनिक नेमके तिथेच पडतात. क्लॉकची तार आखूड ठेवा, तिच्यात ४७० ओहमचा रेझिस्टर घाला, सगळा फिल्टर पत्र्याच्या डबीत बसवा. शिवाय फिल्टरआधी साधा आरसी लो-पास हवाच हवा. नाहीतर ७० किलोहर्ट्‌झलगतचा गोंगाट चिपच्या सॅम्पलिंगमुळे दुमडून थेट ७०० हर्ट्‌झवर येतो, आणि एकदा आत शिरला की कुठल्याच फिल्टरने वेगळा काढता येत नाही.