मथळ्याच्या पुढचे वाचत जा

सांगली

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, सोबतचे व्हिडिओही पाहिले. टीसीएसने बारा हजारांवर माणसे कमी करायचे ठरवल्याची जुलै २०२५ मधली ती बातमी आणि 'आता कोडिंग एआयच करणार' हे सांगणारी मंडळी. नोकरीला वर्ष होत नाही तोवर हे कानावर आदळत राहिले तर कुणाचाही धीर सुटेल. पण त्याच वेळी कंपनीचे प्रमुख के. कृत्तिवासन यांनी सांगितले होते की कारण एआय नाही. कौशल्ये जुळत नाहीत, काहींना प्रोजेक्टवर घेता येत नाही. कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीत होणार हेही कंपनीने म्हटले होते. कंपनीचा शब्द जसाच्या तसा मानावा असे नाही. पण तो ऐकून मग शंका घ्यायची असते. तू पाठवलेल्या व्हिडिओंत त्यातले अक्षरही नव्हते.

तुझ्या धंद्यातली बातमी कशी वाचावी हे मला एका उदाहरणाने सांगायचे आहे.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. जगभर विंडोजच्या स्क्रीन निळ्या पडल्या, विमाने अडली, आपल्याकडे प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. दिवसभर सगळीकडे एकच: मायक्रोसॉफ्ट कोसळले, सायबर हल्ला झाला. दोन्ही चूक होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपली एक फाइल पाठवली होती. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली, पण तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशिन बंद पडली होती. फाइल मागे घेऊन ती उठली नाहीत. माणसाने एकेका मशिनपुढे बसायचे, ते सेफ मोडमध्ये सुरू करायचे, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ती फाइल शोधून उडवायची. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर आधी ४८ आकडी की टाकायची, आणि काही ठिकाणी त्या कीच बंद पडलेल्या सर्व्हरवर.

मथळे चार दिवसांत विरले. खरे वाचण्यासारखे आले ते ६ ऑगस्टला, कंपनीच्या स्वतःच्या कारणमीमांसेच्या अहवालात. नव्या प्रकारच्या तपासणीसाठी आखलेल्या साच्यात २१ रकाने होते, आणि मशिनवरचा प्रोग्रॅम त्याला २०च पुरवत होता. हा फरक फेब्रुवारीपासून तिथेच होता. मग तो सापडला का नाही? कारण चाचणीत आणि मार्च-एप्रिलमध्ये पाठवलेल्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण होती, म्हणून तो वाचायची वेळच आली नाही. १९ जुलैच्या फाइलीत तिथे पहिल्यांदा खरी अट आली. प्रोग्रॅम नसलेली जागा वाचायला गेला, आणि तो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालत असल्यामुळे एकटा न पडता सगळे मशिन घेऊन पडला.

मुक्ता, इथे जरा थांब. फाइली तपासणारे सॉफ्टवेअर होते, चाचण्या हिरव्या होत्या. चाचणी पास होणे वेगळे आणि नेमकी ती जागा तपासली जाणे वेगळे. पुढची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. सावध ग्राहक मुद्दाम एक आवृत्ती मागे राहत असत. ती सोय मुख्य प्रोग्रॅमला होती, या फाइलींना नव्हती. त्या सगळ्यांकडे एकदम जात. म्हणून सावध माणसेही सापडली. बँकेत नवी सिस्टीम आणताना आम्ही ती आधी एकाच शाखेत चालवून बघत असू, मॅनेजर कितीही घाई करोत. या घटनेनंतर क्राउडस्ट्राइकनेही अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवायचे ठरवले आणि कधी घ्यायचे ते ग्राहकाच्या हाती दिले.

आपल्या बँका त्या दिवशी बऱ्याच अंशी वाचल्या. रिझर्व्ह बँकेने सांगितले की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला, कारण क्राउडस्ट्राइकचे साधन वापरणाऱ्या बँका थोड्याच होत्या. यात आपली हुशारी फारशी नाही, हेही ध्यानात घे.

असे अहवाल मोठ्या कंपन्या वरचेवर काढतात आणि ते फुकट वाचायला मिळतात. महिन्यातून एक वाच, हातात पेन घेऊन. दोष कुणाचा हे शोधत बसू नकोस; तो माणसाच्या नजरेतून कुठे निसटला ते शोध. कोड उद्या एआय लिहील, पण एकविसावा रकाना कुणी तपासला असे विचारणारे माणूस टीममध्ये लागणारच आहे. ते माणूस तू व्हावेस असे मला मनापासून वाटते. त्यासाठी नवखेपणाची अडचण नाही. उलट नव्या मुलीने साधा प्रश्न विचारला तर कुणाला राग येत नाही.

सुरुवात या सोमवारी कर. तुमचा बदल ग्राहकाकडे जातो तेव्हा आधी किती जणांकडे जातो, आणि बिघडला तर तो मागे कोण घेतो, हे तुझ्या टीम लीडला विचार. उत्तर काय आले ते मला लिही. ताईला आणि भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा