खळ्यावरचें कीं रानांतलें? जुन्या ओढीव मळणी यंत्राची ओळख

भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें व पुढें मुळेवरहि धरण झालें. राहुरी तालुक्यांत पाटाच्या पाण्यावर गहूं व जिराईत रानांत बाजरी-ज्वारी, अशीं धान्यें पिकत आलीं. त्यामुळें मळणीचीं जुनीं साधनें येथील गोठ्यांमागें व बांधांच्या कडेला पडलेलीं आढळणें साहजिक आहे. असें गंजलेलें लोखंड पाहून घरांतील वृद्ध म्हणतात, "आमच्या लहानपणीं हें ओढीत असत व यांतून धान्य निघे." तें ऐकून तरुणांना तें परदेशी कंबाइन वाटतें. पुष्कळदां निर्णय होण्यापूर्वींच यंत्र भंगाराच्या भावानें जातें, आणि वडिलांचें धान्य कसें तयार होत असे ही माहितीहि त्याबरोबर जाते. म्हणून ओळख पटविण्याची एक सोपी रीत येथें देतों.

प्रथम आठवणीची परीक्षा करावी. लहान मुलास प्रत्येक यंत्र थोर दिसतें. सबब आकाराच्या आठवणीवर विसंबूं नये. यंत्र कसें दिसे यापेक्षां तें काय करी, हें विचारावें. तसेंच वृद्धांस कोणतेंहि चित्र दाखविण्यापूर्वीं त्यांचें म्हणणें लिहून घ्यावें; एकदां चित्र पाहिलें म्हणजे आठवण त्या चित्रासारखी होऊं लागते.

पहिला प्रश्न असा: यंत्र उभें पीक कापीत होतें काय? पेंढ्या बांधून खळ्यावर आणल्याचें आठवत असेल, तर तें कंबाइन म्हणून रानांत चाललें नाहीं. दुसरा प्रश्न: मळणीनंतर वावडीवर उभें राहून धान्य उपणावें लागे काय? कंबाइनच्या पोटांत पंखा व चाळण्या असतात. तें भूस मागें टाकतें व दाणा निराळा करतें. वावडी आठवत असेल, तर यंत्र केवळ मळणीचें होतें. हे दोन प्रश्न बहुतेक वाद मिटवितात.

आपल्याकडील असें ओढीव यंत्र बहुधा ओलपाड मळणी यंत्र असतें. गुजराथेंतील सुरत जिल्ह्यांतील ओलपाड या गांवावरून त्यास हें नांव मिळालें. लोखंडी चौकटींत तीन आंस, त्यांवर सुमारें १८ इंच व्यासाच्या साधारणतः २० तबकड्या, वर हांकणाऱ्याची बैठक, आणि ने-आण करण्यासाठीं लहान चाकें, अशी त्याची रचना असते. एका आंसाच्या तबकड्या दुसऱ्याच्या तबकड्यांमधील फटींवर येतात, म्हणून काड कोठेंच सुटत नाहीं. एक बैलजोडी तें खळ्यावर गोल फिरवी. काड चिरडून त्याचें भूस होई व दाणा मोकळा होई. तिवड्याभोंवतीं बैलांची पात धरण्यापेक्षां यांत कमी बैलांत काम उरके. दगडी रूळ असेल, तर त्यास तबकड्या नसतात. तो ओळखण्यास अडचण पडत नाहीं.

आतां खऱ्या ओढीव कंबाइनच्या खुणा पाहूं. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत हिरम मूर व जॉन हॅस्कल यांनीं १८३६ सालीं कापणी व मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. तें जनावरांनीं ओढावयाचें होतें. पुढें १९३५ सालीं ॲलिस-चाल्मर्स कंपनीनें ५ फूट रुंद कापणारें 'ऑल-क्रॉप' यंत्र विकण्यास काढलें. तें लहान ट्रॅक्टरमागें चाले. भारतांत राजस्थानांतील सुरतगडच्या सरकारी यांत्रिक शेतीवर १९५६ सालीं रशियाकडून भेट म्हणून ट्रॅक्टर व कंबाइन यंत्रें आलीं होतीं.

अशा यंत्रांत चार गोष्टी शोधाव्या. (१) दातेरी कापणीपट्टी: ट्रॅक्टरनें उभें पीक तुडवूं नये म्हणून ती मधोमध नसून एका बाजूस असते. (२) शक्तीचें मूळ: जमिनीवरील चाक, स्वतंत्र इंजिन, किंवा ट्रॅक्टरपासून येणारा फिरता दांडा. (३) मळणीचें फिरतें नळकांडें व त्यामागील चाळण्या. (४) धान्य सांठविण्याची टांकी, अगर पोतीं भरण्यासाठीं माणसाच्या उभें राहण्याची फळी. यांपैकीं पहिलीची बसण्याची जागादेखील सांपडली नाहीं, तर कंबाइनचें नांव घेऊं नये.

नांवाची पट्टी सांपडल्यास ती घासूं नये; रॉकेलच्या बोळ्यानें हळूच पुसावी. ओतीव भागावरील उंच अंक हे बहुधा त्या सुट्या भागाचे असतात. तो संपूर्ण यंत्राचा क्रमांक समजूं नये. चारी बाजूंचीं छायाचित्रें, मापें व वृद्धांचें लेखी कथन एकत्र करून राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांतील कृषि अभियांत्रिकीच्या जाणत्यांस दाखवावें.

शेवटीं यंत्र ओलपाडचें ठरलें, तर कोणी हिरमुसूं नये. परदेशी कंबाइन दुर्मिळ खरें. परंतु आपल्या घरचा दाणा ज्यानें मोकळा केला, त्याची नोंद आपण ठेविली नाहीं, तर दुसरें कोणी ठेवणार नाहीं.