ग्राफ पेपरवर युनिट हायड्रोग्राफ

टेबल आवरून घ्या. ग्राफ पेपर, टोकदार पेन्सिल, खोडरबर, पारदर्शक पट्टी, कॅल्क्युलेटर आणि एक कोरा कागद एवढंच लागतं. हा प्रश्न बरीच मुलं ऑप्शनला टाकतात. त्यात अवघड काहीच नसतं, पण मधली एखादी पायरी गाळली की पुढचं सगळं कोसळतं. म्हणून आपण एकही पायरी गाळायची नाही.

सरावासाठी मी सोपे आकडे जुळवून घेतलेत. पाणलोट क्षेत्र २१६ चौरस किलोमीटर. पाऊस दहा तासांचा, दर दोन तासांनी मोजलेला: ०.३, १.२, २.०, १.३, ०.३ सेंटिमीटर. नदीचा प्रवाह दर सहा तासांनी, क्युमेकमध्ये: १०, ४७, ८४, ७०, ५६, ४५, ३७, ३२, ३०, २८, २४.५, २२.५, २२. शून्य तास म्हणजे पावसाने जोर धरला आणि नदी चढू लागली ती वेळ.

१. कोऱ्या कागदावर पाच रकाने आखा: वेळ, मोजलेला प्रवाह, बेस फ्लो, डायरेक्ट रनऑफ, युनिट हायड्रोग्राफ. पाचही आत्ताच आखा. मागाहून समासात कोंबलेला रकाना हमखास चुकतो.

२. पहिल्या रकान्यात ० पासून ७२ पर्यंत सहा-सहा तासांनी वेळ लिहा. ओळी तेरा व्हायला हव्यात. बारा झाल्या असतील तर शून्याची ओळ राहिली.

३. दुसऱ्या रकान्यात प्रवाह उतरवा. उतरवून झाला की प्रश्नाशी एकदा ताडून बघा. २४.५ चा २५.४ इथेच होतो.

४. ग्राफवर बिंदू मांडा. आडवं एक सेंटिमीटर म्हणजे ६ तास आणि उभं एक सेंटिमीटर म्हणजे १० क्युमेक घेतलं की सगळं पानात नीट बसतं.

५. बिंदू हाताने, सलग रेषेने जोडा. इथे पट्टी बाजूला ठेवा.

६. चढण जिथे सुरू होते त्या बिंदूला ‘अ’ म्हणा. आपल्याकडे तो ० तास, १० क्युमेक. काही प्रश्नांत चढणीआधीचे दोन-तीन उतरते आकडे देतात. तेव्हा पहिला आकडा घेऊ नका, त्यातला सगळ्यात खालचा घ्या.

७. ‘एन’ काढा: क्षेत्रफळाचा ०.२ घात, गुणिले ०.८३. कॅल्क्युलेटरवर २१६ चा ०.२ घात २.९३ येतो, आणि एन येतो २.४३. क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्येच घाला, हेक्टरमध्ये नको.

८. एनला २४ ने गुणा, कारण तो दिवसांत येतो. आपले झाले ५८ तास. ही पायरी मी मुद्दाम वेगळी ठेवली आहे. एका चाचणीत मी २.४३ हे तास धरले आणि शिखराच्या शेजारीच बेस फ्लोची रेघ संपवली. पेपर परत मिळाला तेव्हा त्या रेघेभोवती एवढा मोठा लाल गोळा होता की आलेख शोधावा लागला.

९. हे ५८ तास शिखराच्या वेळेत मिळवा. शिखर १२ व्या तासाला आहे, म्हणून ७०. नोंदी सहा-सहा तासांच्या असल्यामुळे जवळचे ७२ घेऊ. शून्यापासून मोजू नका, नेहमी शिखरापासून.

१०. ७२ व्या तासाच्या बिंदूला ‘ब’ म्हणा: २२ क्युमेक. म्हणताना आलेखाकडे नीट बघा. तिथे रेषा जवळजवळ आडवी झालेली दिसली पाहिजे. ती अजून धाडकन उतरत असेल, तर सूत्राने काहीही सांगू दे, आठवी आणि नववी पायरी पुन्हा तपासा.

११. पट्टीने अ आणि ब जोडा. आता पट्टी हवीच.

१२. या रेघेवरचे आकडे तिसऱ्या रकान्यात भरा. १० पासून २२ पर्यंत बारा टप्पे आहेत, म्हणजे दर ओळीला एक-एक वाढ: १०, ११, १२ असं करत २२. घाईत सगळीकडे १० लिहायचा मोह होतो. तसं केलंत तर तुमची तिरपी रेघ वाया गेली.

१३. दुसऱ्या रकान्यातून तिसरा वजा करून चौथा भरा: ०, ३६, ७२, ५७, ४२, ३०, २१, १५, १२, ९, ४.५, १.५, ०. दोन्ही टोकांना शून्य यायलाच हवं. मध्ये कुठे उणे आलं तर थांबा, एखादा आकडा चुकीचा उतरलाय.

१४. चौथ्या रकान्याची बेरीज करा. ३०० येते. दुकानदार बिल तपासतो तशी एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर करा.

१५. या बेरजेला ६ तासांनी आणि मग ३६०० सेकंदांनी गुणा. पाणी निघालं ६४,८०,००० घनमीटर. इथे ३६०० विसरणारे दर वर्षी भेटतात.

१६. त्याला क्षेत्रफळाने भागा. २१६ चौरस किलोमीटर म्हणजे २१,६०,००,००० चौरस मीटर. उत्तर ०.०३ मीटर, म्हणजे ३ सेंटिमीटर. शून्यांचा गोंधळ उडत असेल तर सरळ हे करा: ०.३६ गुणिले बेरीज गुणिले तास, भागिले चौरस किलोमीटर. उत्तर थेट सेंटिमीटरमध्ये येतं.

नदीचं काम तात्पुरतं झालं. आता पावसाकडे वळू. चहा घ्यायचा तर आत्ता घ्या, पुढच्या चार पायऱ्या एका दमात करायच्या आहेत.

१७. सगळ्या पावसाची बेरीज करा: ५.१ सेंटिमीटर.

१८. त्यातून ३ वजा करा आणि उरलेल्याला १० तासांनी भागा. २.१ भागिले १० म्हणजे ताशी ०.२१. हा फाय इंडेक्सचा पहिला अंदाज. याच्याभोवती चौकट काढू नका, हे उत्तर नाही.

१९. हा अंदाज प्रत्येक गटाशी ताडून बघा. गट दोन तासांचे आहेत, तेव्हा तुलना ०.२१ शी नाही, ०.४२ शी करायची. पहिला आणि शेवटचा गट ०.३ चाच आहे, म्हणजे तो सगळा जमिनीतच मुरला. दोन्ही खोडा. नेमकं इथेच बरेचजण काहीच न खोडता पुढे जातात.

२०. उरलेल्या तीन गटांवर तोच हिशेब पुन्हा करा. ४.५ वजा ३ म्हणजे १.५, भागिले ६ तास, ताशी ०.२५. दोन तासांना ०.५. तिन्ही गट त्याहून मोठे आहेत, म्हणून अंदाज टिकला. ताळा करा: ०.७ अधिक १.५ अधिक ०.८, बरोबर ३.

२१. कागदाच्या माथ्यावर ठळक लिहा: ‘६ तासांचा’. पाऊस दहा तास पडला, पण कामाचा सहाच तास. युनिट हायड्रोग्राफ किती तासांचा हे न लिहिणं म्हणजे औषधाच्या बाटलीवर नाव न लिहिणं.

२२. चौथ्या रकान्यातला प्रत्येक आकडा ३ ने भागून पाचवा भरा: ०, १२, २४, १९, १४, १०, ७, ५, ४, ३, १.५, ०.५, ०. भागायचं ते चौथ्याला, दुसऱ्याला नाही.

२३. पाचव्या रकान्याचा ताळा घ्या. बेरीज १००. ०.३६ गुणिले १०० गुणिले ६ भागिले २१६, बरोबर १ सेंटिमीटर. आपल्या आकड्यांत तो नेमका एक येतो. परीक्षेच्या आकड्यांत ०.९८ किंवा १.०२ आला तरी चालेल, १.३ आला तर चौदाव्या पायरीपासून पुन्हा.

२४. हा आलेख त्याच पानावर तुटक रेषेने काढा. शिखर १२ व्या तासालाच आणि शेवट ७२ व्या तासालाच यायला हवा. फक्त उंची कमी होते. शिखर सरकलेलं दिसलं तर बिंदू चुकीच्या चौकटीत पडलाय.

आता तो वापरून बघा. समजा पहिल्या सहा तासांत कामाचा पाऊस २ सेंटिमीटर आणि पुढच्या सहा तासांत ३.

२५. पाचवा रकाना नवीन कागदावर २ ने गुणून लिहा: ०, २४, ४८, ३८, २८ आणि पुढे.

२६. त्याच्या शेजारी तोच मूळ रकाना ३ ने गुणून लिहा, पण एक ओळ खाली सरकवून. म्हणजे पहिलं शून्य ६ तासांच्या ओळीत, ३६ बारा तासांच्या आणि ७२ अठरा तासांच्या ओळीत. सरकवायला विसरलात तर पूर सहा तास आधीच येईल आणि खोटा मोठा दिसेल.

२७. दोन्ही आडवे मिळवा. १२ व्या तासाला ८४, १८ व्याला ११०, २४ व्याला ८५.

२८. शेवटी बेस फ्लो मिळवा. प्रश्नात १० दिला असेल तर शिखर १८ व्या तासाला १२० क्युमेक. बेस फ्लो एकदाच मिळवायचा, दोन्ही रकान्यांत वेगवेगळा नाही. आणि पुढच्या प्रश्नात पाऊस तीन-तीन तासांचा दिसला, तर हा कागद तिथे लावू नका. तो सहा तासांचा आहे, माथ्यावर लिहिलंय.