दिल्लीतील कारखानाबंदी : पर्यावरण आणि कामगार

कारखान्याचा धूर वस्तीवर पसरण्यापूर्वी कामगाराच्या छातीत शिरतो. त्यामुळे कामगार संघटना आणि पर्यावरणवादी हे खरे तर सहप्रवासी असावयास हवेत. दिल्लीत मात्र ते परस्परांविरुद्ध उभे ठाकले. तसे का घडले, हे पाहण्यासारखे आहे.

अ‍ॅड. एम. सी. मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी १६८ घातक उद्योग ३० नोव्हेंबरपर्यंत दिल्लीत बंद करण्याचा आदेश दिला. दिल्लीची हवा विषारी झाली होती, हे नाकारता येत नाही. आदेशात कामगारांचा विचारही होता : स्थलांतरित कारखान्यात नोकरी कायम राहावी, न जाणाऱ्यास भरपाई मिळावी. परंतु असा हक्क मागण्यासाठी हजेरीपटावर नाव असावे लागते. कंत्राटी आणि रोजंदारीच्या कामगारांचे नाव तेथे कोण लिहितो? शिवाय दिल्लीतील झोपडी, मुलांची शाळा आणि उधारीवर धान्य देणारा वाणी सोडून हिमाचलातील बद्दीला जायचे, तर कुटुंबाचे काय करायचे?

मालकांची स्थिती निराळी होती. मोठ्या भूखंडाचा काही भाग सार्वजनिक हिरवाईसाठी दिल्यावर उरलेल्या जमिनीचा विकास करण्याची मुभा त्यांना मिळाली. मुंबईच्या गिरणगावातील वाचकांना या व्यवहाराचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. आजारी गिरणी चालविण्यापेक्षा तिची जमीन किफायतशीर ठरते. अशा वेळी ‘प्रदूषण’ हे कारण मालकालाही सोयीचे होते.

पुढे निवासी भागांतील लहान कारखान्यांवर कारवाई सुरू होताच नोव्हेंबर २००० मध्ये कामगार आणि छोटे कारखानदार रस्त्यावर उतरले. दगडफेक आणि जाळपोळ झाली. वृत्तपत्रांत त्यांची ओळख उरली ती ‘पर्यावरणाचे विरोधक’ अशी.

माझ्या मते दोष हवा शुद्ध करण्याच्या मागणीत नव्हता, तो निर्णयाच्या पद्धतीत होता. मूळ खटला याचिकाकर्ता आणि शासन यांच्यातील होता. ज्यांची चूल विझणार, ते त्यात पक्षकार नव्हते. याच दिल्लीत ऑगस्ट १९४२ मध्ये मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली शासन, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी त्रिपक्षीय परिषदेत एकत्र बसले होते. कामगाराला तेथे जागा मिळाली ती दयेपोटी नव्हे, प्रतिनिधी म्हणून.

प्रदूषणाच्या प्रश्नात तर ती जागा अधिकच आवश्यक होती. भोपाळच्या युनियन कार्बाइडमधील वायुगळतीविषयी १९८४ च्या दुर्घटनेपूर्वीच तेथील कामगार संघटनांनी तक्रारी केल्या होत्या.