नशा हराम, नशेत बुडालेला मात्र आपला बंधू

१९६१ च्या संयुक्त राष्ट्र करारान्वये अमली पदार्थांचा वापर औषधोपचार व संशोधनापुरताच सीमित आहे. मात्र व्यसनाधीन माणसाला तुरुंगात धाडावे की दवाखान्यात, यावर राष्ट्रांचे आजही एकमत नाही. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःच्या सेवनापुरता अल्प साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले. अशा व्यक्तीला न्यायालयाऐवजी समितीपुढे नेतात. विक्री तेथेही गुन्हाच आहे.

शरीयतमध्ये प्रत्येक नशा हराम आहे, यात वाद नाही. परंतु मद्यपानाची शिक्षा भोगलेल्या इसमाला लोक शाप देऊ लागले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना रोखले, आपल्या बंधूविरुद्ध सैतानाला साहाय्य करू नका, असे बजावले (बुखारी). शिक्षा माफ झाली नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, अल्प साठ्याच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सरकारमान्य केंद्रात स्वेच्छेने पूर्ण उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण आहे (कलम ६४अ). बदनामीच्या भयाने मुलाला घरात कोंडणाऱ्या किती मातापित्यांना हे ठाऊक आहे?